आर आणि गिट: दोन वाटांचा इतिहास

संख्याशास्त्रीय कामासाठी नवा संगणक तयार करायचा तर आज यादी ठरलेली आहे: आर ही संख्याशास्त्राची भाषा, तिच्यात काम करण्याचा आरस्टुडिओ हा प्रोग्राम, फाइलींतले बदल नोंदवणारं गिट आणि त्या नोंदी साठवणाऱ्या रेपॉझिटरीशी जोडणी. ही सगळी साधनं एकाच योजनेतून आली असावीत, असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात संख्याशास्त्राची भाषा आणि आवृत्ती-नियंत्रण (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणं) यांचा उगम एकाच संस्थेत, एकाच दशकात झाला, आणि तरीही त्यांची गाठ पडायला पस्तीसेक वर्षं गेली.

ती संस्था म्हणजे अमेरिकेतली बेल लॅब्ज. १९७२ मध्ये तिथे मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. सोर्स कोडमधला, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरातला, प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी ही सुरुवातीची प्रणाली. १९७६ मध्ये तिथेच जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' या भाषेचं काम सुरू केलं. पण एसचा हेतू निराळा होता. विश्लेषकाने डेटाला प्रश्न विचारावा, उत्तर पाहावं आणि त्यावरून पुढचा प्रश्न सुचावा, अशी ती रचना. वाटेत तयार झालेली ऑब्जेक्ट्स, म्हणजे तक्ते, आकडे, निकाल, डिस्कवर आपोआप साठत आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी हाताशी येत.

ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आर घडवली, तेव्हा एसची ही सवय थोड्या बदलाने तिच्यातही आली. आर सगळं मेमरीत ठेवते आणि बंद होताना वर्कस्पेस जतन करायची का, ते विचारते. 'हो' म्हटलं की सारी ऑब्जेक्ट्स आरडेटा नावाच्या एका बायनरी (माणसाला थेट वाचता न येणाऱ्या) फाइलीत जातात. आवृत्ती-नियंत्रण उशिरा रुजण्याचं मुख्य कारण मला इथे दिसतं. ज्याच्यासाठी ऑब्जेक्ट हेच अंतिम सत्य, त्याला ते कोणत्या ओळींतून जन्मलं हे जपण्याची निकड भासत नाही. शिवाय अशा फाइलीत नेमकं काय बदललं, हे ओळीनुसार तुलना करणारं कोणतंही साधन दाखवू शकत नाही. म्हणूनच आज जाणकार आरस्टुडिओ बसवल्याबरोबर वर्कस्पेस जतन करण्याचा आणि सुरुवातीला परत भरण्याचा पर्याय बंद करायला सांगतात, आणि आरडेटा फाइल गिटने दुर्लक्षित करायच्या यादीत टाकतात. ही सूचना मुळीच किरकोळ नाही. स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, कोऱ्या सत्रात वरपासून खालपर्यंत चालते की नाही, हे तिच्यामुळेच कळतं.

भाषा बांधणारे मात्र या बाबतीत पुढे होते. १९९७ पासून आरचा सोर्स कोड एका मुख्य गटाच्या हाती, सामाईक रेपॉझिटरीत आहे. आजही तो सबव्हर्जन या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत असतो. त्याच वर्षी क्रॅन हे पॅकेजांचं (आरला जोडायच्या तयार कोडच्या संचांचं) भांडारही सुरू झालं. वापरणाऱ्यांच्या फोल्डरांत मात्र 'अंतिम', 'अंतिम२' अशाच फाइली साचत राहिल्या.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे २००९ मध्ये जगासमोर आलं. कर्करोगाच्या औषधांना कोणता रुग्ण प्रतिसाद देईल हे जनुकांवरून सांगणारे काही गाजलेले निष्कर्ष कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या संशोधकांनी उलट्या दिशेने तपासले. जनुकांची यादी एका ओळीने सरकली होती. मूळ विश्लेषणाच्या पायऱ्या नोंदलेल्या नव्हत्या, त्यामुळे एवढी साधी चूक शोधायलाही त्यांना प्रचंड खटाटोप करावा लागला.

गिट २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गरजेतून आलं. त्याआधी वापरात असलेल्या बिटकीपर या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीची मोफत सोय बंद झाली, म्हणून लिनस टॉर्वाल्ड्स यांनी ते लिहायला घेतलं. गिटमध्ये प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास असतो आणि सर्व्हर लागत नाही. एकट्याने काम करणाऱ्या विश्लेषकाला हे फार सोयीचं ठरलं. २००८ मध्ये गिट रेपॉझिटरी ठेवण्याचं गिटहब हे संकेतस्थळ आलं, २०११ मध्ये आरस्टुडिओ, आणि २०१२ च्या सुमारास आरस्टुडिओत एका कामाच्या फाइली एकत्र ठेवणाऱ्या प्रोजेक्टची कल्पना व गिटची खिडकी एकत्र आली. दोन्ही वाटा खऱ्या अर्थाने मिळाल्या त्या इथे.

मग लक्षात आलं, की नुसता कोड जपून भागत नाही. आर ३.६.० मध्ये, म्हणजे २०१९ साली, यादृच्छिक नमुना काढण्याची मूळ पद्धत बदलली. जुनीत किंचित पक्षपात होता, त्यामुळे बदल योग्यच होता. पण तीच स्क्रिप्ट आणि तोच सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) देऊनही नमुना वेगळा येऊ लागला. पुढच्या वर्षी आर ४.० ने मजकुराचे स्तंभ आपोआप फॅक्टर (ठरावीक गटांत मोडणारा स्तंभ) करणं थांबवलं. कित्येकांच्या जुन्या स्क्रिप्टा एका अक्षराचाही फरक न होता निराळं वागू लागल्या, आणि गिटच्या नोंदीत याचा मागमूसही नव्हता.

आर-एन्व्ह हे पॅकेज २०१९ मध्ये क्रॅनवर आलं ते नेमक्या याच गरजेपोटी. आरची आणि प्रत्येक पॅकेजची आवृत्ती ते एका साध्या मजकुराच्या लॉकफाइलीत लिहितं, आणि ती फाइल कोडसोबत गिटमध्ये जाते. मात्र ते पॅकेजं परत आणतं, खुद्द आर किंवा खालची सिस्टीम लायब्ररी आणत नाही. तेवढी खात्री हवी असेल तर कंटेनर, म्हणजे आर आणि तिच्या खालची सिस्टीम एकत्र बांधलेलं पाकीट, लागतो. ठरावीक आवृत्तीच्या आरच्या, डॉकर या कंटेनर-साधनासाठीच्या प्रतिमा रॉकर प्रकल्प २०१४ पासून पुरवतो आहे. रोजच्या विश्लेषणाला लॉकफाइल पुरते, असं माझं मत आहे. ज्या निकालावर उपचार किंवा धोरण ठरणार आहे, तिथे मात्र कंटेनरचा त्रास घ्यायलाच हवा.