गोड्या पाण्यातील पाळीव माशांची कृमीबाधा

तळी, हौद, टाक्या आणि पिंजरे यांत वाढवल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातील माशांच्या कातडीवर, कल्ल्यांत, डोळ्यांत, आतड्यात किंवा स्नायूंत परजीवी कृमी बस्तान बसवतात, तेव्हा त्याला कृमीबाधा म्हणतात. नदीतल्या माशांच्या अंगातही कृमी असतात, पण ते बहुधा थोडे असतात आणि मासा त्यांना वागवत जगतो. तळ्यात एकाच जातीचे, एकाच वयाचे हजारो मासे दाटीने राहतात. अंड्यातून निघालेल्या कृमीच्या पिल्लाला पुढचा मासा हाताशीच मिळतो, म्हणून एरवी निरुपद्रवी ठरणारा कृमी इथे बोटुकलीचे (बोटाएवढ्या पिल्लांचे) अख्खे पीक बुडवू शकतो.

नियंत्रणासाठी कृमींच्या शास्त्रीय वर्गवारीपेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा आहे: या कृमीचे आयुष्य माशावरच पुरे होते, की त्याला मधे गोगलगाय, सायक्लॉप्ससारखा सूक्ष्म जलचर किंवा पक्षी लागतो? पहिल्या प्रकारात उपचार माशावर करायचा. दुसऱ्या प्रकारात माशाला कितीही औषध दिले तरी तळे तसेच राहिले की बाधा परत येते.

एकाच पोशिंद्यावर, म्हणजे कृमीला पोसणाऱ्या प्राण्यावर, जगणाऱ्या कृमींत कल्ल्यांवरचा डॅक्टिलोगायरस आणि मुख्यतः कातडीवरचा गायरोडॅक्टिलस हे दोन सर्वांत त्रासदायक. दोन्ही साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचे, मागच्या टोकाला आकड्यांची चकती असलेले. बाधा झालेला मासा तळाला किंवा काठाला अंग घासतो, मधेच झटका देऊन वळतो, कल्ल्यांची झाकणे भराभर हलवतो, पाणी आत येते तिथे गर्दी करतो. अंगावर बुळबुळीत स्राव वाढून कातडी धुरकट दिसते. हीच लक्षणे पाण्यातला प्राणवायू कमी झाल्यावर किंवा अमोनिया वाढल्यावरही दिसतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबून निदान करू नये. जिवंत किंवा नुकत्याच मारलेल्या माशाच्या कल्ल्याचे टोक कापावे, काचपट्टीवर तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात ठेवावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. मासा मरून बराच वेळ झाला असेल तर कृमी त्याला सोडून गेलेले असतात आणि तपासणी खोटा दिलासा देते.

काचपट्टीवर हे दोघे ओळखणे अवघड नाही. डॅक्टिलोगायरसच्या डोक्याकडे चार काळे नेत्रबिंदू दिसतात. गायरोडॅक्टिलसला ते नसतात. त्याच्या पोटात मात्र वाढत असलेले पिल्लू दिसते, त्या पिल्लाचे आकडेही स्पष्ट असतात, आणि त्याच्याही पोटात पुढच्या पिढीची सुरुवात झालेली असते. आईच्या पोटात मुलगी आणि मुलीच्या पोटात नात, असा हा प्रकार. उबदार पाण्यात काही दिवसांत कृमींची संख्या हाताबाहेर जाते, त्याचे कारण हेच. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो. उबदार पाण्यात ती दोन-चार दिवसांत फुटतात, गार पाण्यात कित्येक आठवडे टिकून राहतात. औषध अंड्यांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्याच्यावरचा उपचार एकदा करून थांबता येत नाही. पाण्याच्या तापमानाचा हिशेब करून, नवे कृमी अंडी घालण्याच्या वयात येण्याआधी, दुसरी फेरी द्यावी लागते. ही दुसरी फेरी टाळली की सगळी मेहनत वाया जाते.

अशा कृमीचे बीज कसे पसरते याचे दुखरे उदाहरण नॉर्वेचे आहे. गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा कृमी बाल्टिक समुद्राकडच्या सॅल्मनला फारसा जड जात नाही. १९७०च्या दशकात तो स्वीडनमधून आणलेल्या माशांबरोबर नॉर्वेत शिरला. तिथल्या सॅल्मनच्या अंगात प्रतिकारशक्ती नव्हती. पुढे सुमारे ५० नद्यांत तो सापडला आणि कित्येक नद्यांत रोटेनोन टाकून सगळे मासे मारण्याची वेळ आली. बाहेरून आलेले मासे दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून, तपासून मगच आत सोडण्याचा नियम या एका घटनेवरूनही पटावा.

अनेक पोशिंदे लागणाऱ्या पर्णकृमींचे, म्हणजे पानासारख्या चपट्या कृमींचे, गणित वेगळे. पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी गोगलगाईत शिरते आणि तिथे तिचे अलैंगिक पुनरुत्पादन होते. एका बाधित गोगलगाईतून रोज हजारो शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडू शकतात. डिप्लोस्टोममच्या अळ्या माशाची कातडी भेदून साधारण दिवसभरात डोळ्याच्या भिंगात पोहोचतात. भिंगात रक्तवाहिन्या नसल्याने शरीराची संरक्षणयंत्रणा तिथे त्यांना फारशी गाठू शकत नाही. भिंग पांढरे होते, मासा आंधळा होतो, त्याला खाद्य दिसत नाही, तो काळवंडतो आणि पृष्ठभागाजवळ राहून कुरव पक्ष्याच्या तोंडी पडतो. कृमीला जायचे असते तिथेच. क्लिनोस्टोममच्या पिवळ्या गाठींनी मासा सहसा मरत नाही, पण तो कुणी विकतही घेत नाही. सँग्विनिकोला कार्प माशांच्या रक्तवाहिन्यांत राहतो आणि त्याची अंडी कल्ल्यांच्या केशवाहिन्यांत अडकून पिल्लांचा जीव घेतात.

पट्टकृमींत, म्हणजे फितीसारख्या लांब कृमींत, आशियाई पट्टकृमी सर्वांत जास्त फिरलेला आहे. १९३४ मध्ये जपानमधून त्याचे वर्णन झाले. पुढे गवत्या कार्पची पिल्ले देशोदेशी नेली गेली तेव्हा हा त्यांच्या आतड्यातून गेला, आणि आता २००हून अधिक जातींच्या माशांत त्याची नोंद आहे. त्याची अळी सायक्लॉप्समध्ये वाढते. लहान पिल्ले सायक्लॉप्ससारख्या प्लवकांवरच (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांवरच) जगतात, म्हणून घाव त्यांच्यावरच बसतो: आतडे कृमींनी गच्च भरते, पोट फुगते, वाढ खुंटते. लिग्युला आतड्यात न राहता पोटाच्या पोकळीत वाढतो. चिरलेल्या माशातून पांढऱ्या रुंद फितीसारखा बाहेर येणारा हा कृमी माशाच्या जननग्रंथींची वाढ रोखतो.

गोलकृमींपैकी कॅमॅलॅनसची लाल टोके गुदद्वारातून लोंबताना दिसतात. ईल माशाच्या वाताशयात (पोटातल्या हवेच्या पिशवीत) रक्त पिणारा अँग्विलिकोला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशियातल्या ईलबरोबर युरोपात पोहोचला. काटेरी सोंडेचे कृमी आतड्याच्या भिंतीत सोंड रुतवून बसतात. ब्राझीलच्या तांबाकी माशांच्या पालनात त्यांनी मोठा त्रास दिला आहे. ‘अँकर वर्म’ म्हणून ओळखला जाणारा लर्निया मात्र कृमी नव्हे. तो खेकडे-कोळंबीच्या कवचधारी गटातला प्राणी आहे आणि कृमिनाशकाने तो मरत नाही. नावाच्या या घोळापायी चुकीचे औषध वापरले जाते.

नियंत्रणाची खरी जागा रिकामे तळे ही आहे. पाणी पूर्ण काढून तळ भेगा पडेपर्यंत वाळवणे आणि ओलसर राहिलेल्या खड्ड्यांत कळीचा चुना टाकणे, एवढ्याने अंडी, सायक्लॉप्स आणि गोगलगाई यांचा मोठा भाग संपतो. काठाचे गवत आणि पाणवनस्पती काढल्या की गोगलगाईंना आधार उरत नाही. आत येणारे पाणी बारीक जाळीतून घ्यावे, शक्य तिथे पक्ष्यांसाठी वरून जाळे ताणावे, वेगवेगळ्या वयाचे मासे एका तळ्यात ठेवू नयेत, कच्ची आतडी-काळजे खाद्यात घालू नयेत. गोगलगाई खाणारा काळा कार्प सोडण्याचा सल्ला सरसकट देऊ नये. अमेरिकेत तो याच कामासाठी मत्स्यतळ्यांत वापरला गेला, तिथून निसटला आणि मिसिसिपी खोऱ्यात स्थिरावला.

औषधांत पर्णकृमी आणि पट्टकृमींवर प्राझिक्वान्टेल सर्वांत भरवशाचे. स्नानासाठी ते साधारण २ ते १० मिलिग्रॅम प्रतिलिटर वापरतात किंवा खाद्यातून देतात. गोलकृमींवर लेव्हामिसोल, फेनबेंडॅझोल यांसारखी वेगळी औषधे लागतात. बाहेरच्या कृमींवर फॉर्मेलिन चालते: तळ्यात २५ पीपीएम (दहा लाख भागांत २५ भाग), टाकीत १५० ते २५० पीपीएम, जास्तीत जास्त एक तास, आणि पाणी उबदार असेल तर मात्रा कमी. पण दर ५ पीपीएम फॉर्मेलिन पाण्यातला सुमारे १ पीपीएम प्राणवायू खाते. हवा सोडणारे यंत्र चालू नसताना फॉर्मेलिन टाकणे म्हणजे आधीच कल्ले खराब झालेल्या माशांचा गळा दाबणे. बाटलीत पांढरा साका दिसला तर ते वापरूच नये. तो माशांना फार विषारी असतो. गोगलगाईंसाठी मोरचूद वापरण्याआधी पाण्याची क्षारता मोजावी. ती ५० मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी असेल तर मोरचूद माशांनाच मारते. खाण्याच्या माशांत कोणते औषध चालते आणि विक्रीआधी किती दिवस थांबायचे, हे प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार ठरते.

माशांतून माणसात येणारे कृमी वेगळी काळजी मागतात. पूर्व आणि आग्नेय आशियात क्लोनॉर्किस आणि ओपिस्थॉर्किस हे यकृतकृमी कार्प कुळातल्या माशांच्या स्नायूंतून, कच्चे किंवा अर्धे शिजलेले मासे खाल्ल्याने माणसाच्या पित्तनलिकांत जातात. दोन्हींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणारे म्हणून पहिल्या गटात ठेवले आहे, ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनीला १९९४ मध्येच. या बाधेने मासा आजारी दिसत नाही, त्यामुळे मत्स्यपालकाला तिचा पत्ताही लागत नाही. तळ्यावरचे शौचालय बंद करणे, कच्ची विष्ठा पाण्यात न सोडणे आणि संगोपन तळ्यातल्या गोगलगाई काढणे हे उपाय तळ्याच्या काठावर करायचे. स्वयंपाकघरात मासा आतपर्यंत शिजवला की अळ्या मरतात. कच्चाच खायचा असेल तर तो -२० अंश सेल्सिअसला किमान सात दिवस गोठवलेला असावा लागतो.