चालकाचे कौशल्य आणि चालकाचे घर : मोटार शर्यतींची पार्श्वभूमी

सोलापुरात फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या जागतिक मालिकेचा विषय निघाला की कोणी म्हणते, ‘पैसेवाल्यांचा खेळ आहे’, आणि लगेच दुसरे कोणी म्हणते, ‘गाडीच पळते, चालक नुसता बसतो’. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र या खेळाचा इतिहास पाहिला तर कौशल्याला पर्याय कधीच नव्हता. ते कौशल्य कोणत्या घरात घडू शकते, एवढेच काळागणिक बदलत गेले.

१९५० साली इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली, तेव्हा सहभागी चालकांत सयामचा (आजच्या थायलंडचा) राजपुत्र बिरा होता आणि अर्जेंटिनातील बाल्कार्से गावचा मेकॅनिक हुआन मॅन्युएल फांजियोही होता. बिराला गाडी विकत घेणे परवडत होते. फांजियोचे वडील इटलीहून आलेले कारागीर. पोराने लहानपणीच शाळा सोडून गॅरेजात काम धरले. त्याचे शिक्षण झाले ते दक्षिण अमेरिकेच्या कच्च्या रस्त्यांवर. १९४० मध्ये ब्वेनोस आयरेस ते लिमा आणि परत अशी सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरची शर्यत त्याने शेव्हरोले गाडीने जिंकली. अँडीज पर्वतातील विरळ हवेत दिवसचे दिवस गाडी चालवायची आणि बिघडली तर आपल्याच हातांनी दुरुस्त करायची, असा तो प्रकार होता. इंजिनाला कुठपर्यंत ताणायचे आणि कुठे सांभाळून घ्यायचे, ही जाण त्याला तिथे आली. सिल्व्हरस्टोनला तो ३८ वर्षांचा होता. पहिले विजेतेपद त्याने चाळिशीत मिळवले आणि पाचवे १९५७ मध्ये. ही पाच विजेतेपदे चार निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून आलेली आहेत, त्यामुळे ‘गाडीच पळते’ म्हणणाऱ्यांना फांजियो नेहमीच अडचणीचा ठरतो.

त्यानंतरचा मोठा बदल युरोपात नव्हे, तर कॅलिफोर्नियात झाला. १९५६ मध्ये आर्ट इंगल्स याने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन एका सांगाड्यावर बसवून पहिली कार्ट, म्हणजे छोटी उघडी शर्यतीची गाडी, तयार केली, आणि पुढे कार्टिंग हीच या खेळाची बालवाडी झाली. जर्मनीतील केर्पेन येथे रोल्फ शूमाकर या गवंड्याने आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या, म्हणजे पुढे जगज्जेता झालेल्या मायकेलच्या, पायडल कार्टला मोटारसायकलचे छोटे इंजिन जोडून दिले. पुढे वडील गावच्या कार्ट ट्रॅकची देखभाल करू लागले, आई तिथल्या कँटीनमध्ये काम करू लागली, आणि इतरांनी टाकून दिलेले टायर वापरत मायकेल वाढला. आपल्याकडे सोलापूरच्या पूर्व भागातील विणकरांच्या घरात पोराला माग कोणी मुद्दाम शिकवत नाही, खटखट कानांवर पडतच ते मोठे होते; केर्पेनमध्ये तेच इंजिनाच्या आवाजाबाबत घडले. शूमाकर कुटुंब श्रीमंत नव्हते, पण ट्रॅक त्यांच्या दारात होता, आणि माझ्या मते ही गोष्ट बँकेतील शिलकीइतकीच मोलाची आहे. तरीही १९९१ मध्ये जॉर्डन संघाच्या गाडीत त्याला पहिली संधी मिळाली, ती मर्सिडीजने संघातील चालकाच्या त्या जागेचे पैसे मोजल्यावरच.

श्रीमंत घर असले की वाट मोकळी होते, असेही नाही. ऑस्ट्रियाचा जगज्जेता चालक निकी लाउडा याच्या उद्योगपती घराण्याचा शर्यतीला विरोध होता, म्हणून त्याने बँकेचे कर्ज काढून जागा मिळवली. उलट ब्राझीलचा जगज्जेता आयर्टन सेना याला साओ पावलोतील सधन वडिलांनी चौथ्या वर्षीच कार्ट दिली. ब्रिटनचा जगज्जेता लुईस हॅमिल्टन याचे वडील मुलाच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करत, आणि १९९८ मध्ये मॅकलारेन संघ व मर्सिडीजने त्याला तरुण चालकांच्या आपल्या योजनेत घेतले नसते तर पुढचा खर्च त्या घराला झेपण्यासारखा नव्हता.

नेदरलँड्सचा जगज्जेता मॅक्स फर्स्टापन याचे आई आणि वडील दोघेही शर्यतीतले. तो २०१५ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला, आणि त्यानंतर किमान वय १८ व कनिष्ठ स्पर्धांतून मिळवलेले ४० गुण अशी अट आली. अट गुणवत्तेचीच आहे. फक्त ते गुण ज्या स्पर्धांत मिळतात त्यांचा एका हंगामाचा खर्च कोट्यवधी रुपयांत जातो. २०१६ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी १९५० ते २०१४ च्या निकालांचे सांख्यिकी विश्लेषण केले, तेव्हा संघाचा वाटा चालकाच्या वाट्यापेक्षा बराच मोठा असल्याचे आणि काळानुसार तो वाढल्याचे दिसले. शहरी रस्त्यांवरील शर्यतींत मात्र संघाचा प्रभाव कमी भरला. संघाचा हिशेब वगळून केलेल्या क्रमवारीत पहिला आला तो फांजियोच.

भारतातील कहाणीही घरापासूनच सुरू होते. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन कोइम्बतूरचा, आणि त्याचे वडील रॅलीतील विजेते. २०१० मध्ये आलेला करुण चंडोक चेन्नईचा, आणि त्याच्या घरात वडील व आजोबा दोघेही याच खेळातले. चेन्नईजवळच्या शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकाळातील धावपट्टीवर शर्यती रुजल्या, आणि तमिळनाडूला जो आरंभ मिळाला तो सोलापूरला मिळाला नाही. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेला कोल्हापूरचा ट्रॅक इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दर आठवड्याला पोराला आणि कार्टला तिकडे न्यायचे, तर घरातला एक माणूस आणि एक टेम्पो त्याच कामाला लावावा लागतो, आणि टायर, इंधन व प्रवेश शुल्काचा हिशेब त्यानंतर सुरू होतो.

संगणकावरील शर्यतीने ही वाट थोडी रुंद केली. निसान आणि प्लेस्टेशनने २००८ मध्ये सुरू केलेल्या जीटी अकादमीतून व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना खऱ्या गाडीत बसवले जाई. तिचा २०११ चा विजेता यान मार्डनबरो २०१३ मध्ये फ्रान्समधील ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आला. मानेवर येणारा ताण आणि कॉकपिटमधील (चालकाच्या बसण्याच्या जागेतील) उष्णता पडद्यासमोर अनुभवता येत नाही. तो सराव त्याला निसानच्या खर्चाने खऱ्या गाडीतच करावा लागला. ही योजना २०१६ मध्ये बंद झाली.