डिस्क-दोषनिदान, सर्वरवरील

सर्वरच्या डिस्कवर वाचताना किंवा लिहिताना अडथळा आला, की त्याचे मूळ शोधून माहिती वाचवण्याची कार्यपद्धती. दोष डिस्कमध्येच असतो असे नाही. तो केबल, कंट्रोलर (डिस्क हाताळणारे सर्किट), वीजपुरवठा किंवा फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था) यांत असू शकतो, आणि कधी नुसती जागा संपलेली असते. पणजी, म्हापसा, मडगावच्या छोट्या कार्यालयांतून तंत्रज्ञाला येणाऱ्या फोनवर मात्र या सगळ्याला एकच नाव असते : ‘डिस्क गेली.’

जागेच्या तक्रारी सर्वांत सोप्या, पण फसव्या. लिनक्सवर ‘डीएफ’ कमांड कित्येक जीबी मोकळे दाखवते आणि तरीही सर्वर फाइल लिहू देत नाही. लाखो बारीक फाइली साठवणाऱ्या मेल सर्वरवर आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींचे खण, आधी संपतात. ते ‘डीएफ -आय’ने कळते. उलट प्रकारही होतो : भलीमोठी लॉग फाइल, म्हणजे घडामोडींच्या नोंदींची फाइल, पुसली, तरी ती उघडी धरून बसलेला प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही.

खऱ्या बिघाडाचा माग कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये लागतो. विंडोज सर्वरवर इव्हेंट व्ह्यूअरमधील 7 क्रमांकाची नोंद खराब ब्लॉक सांगते, तर 153 म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावे लागले. लिनक्सची एक्स्ट-4 फाइल सिस्टीम गंभीर चूक आढळल्यावर तशी मांडणी असेल तर स्वतःला ‘रीड-ओन्ली’, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, करून घेते. याला लोक बिघाड समजतात. वास्तविक तो बचाव आहे. अशा वेळी घाईने रीस्टार्ट केल्यास स्मृतीतला लॉग पुसला जातो आणि पुरावा हातचा जातो.

डिस्क स्वतःची प्रकृती ‘स्मार्ट’ नोंदींत ठेवते. 5 क्रमांकाची नोंद बदललेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरील साठवणीच्या लहान तुकड्यांची, 197 वाचता न आलेल्या व निर्णयाच्या प्रतीक्षेतील सेक्टरांची. 199 ही डिस्क आणि कंट्रोलर यांच्यात माहिती जाता-येताना झालेल्या चुकांची; ती वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहावी. हा आकडा कधी मागे येत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का, हे महत्त्वाचे. ‘स्मार्ट’ने सारे ठीक म्हटले तरी निर्धास्त होऊ नये : एक लाखाहून अधिक डिस्कच्या 2007 मधील गूगलच्या अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांत चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही आढळला नव्हता.

गोव्यात हवेचा विचार टाळता येत नाही. मृग लागला की सप्टेंबरपर्यंत दमट हवा आणि किनाऱ्यालगत तिच्यात खाराश. खोली थंड आहे ना, एवढे पाहून लोक समाधान मानतात. पण मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरांवरील 2016 च्या अभ्यासात डिस्क बंद पडण्यावर तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा परिणाम ठळक दिसला, आणि तोही मुख्यतः कंट्रोलर व जोडण्या बिघडल्यामुळे. चवथीच्या सुट्टीत एसी बंद असलेल्या खोलीतल्या सर्वरवर 199 चढू लागला, तर नवी डिस्क मागवण्याआधी कनेक्टर काढून पाहावेत. पावसात फांदी पडून लाईट जाते आणि यूपीएसची बॅटरी जुनी असते, तेव्हा कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, राहिलेले लेखन हरवते. यात डिस्क निर्दोष असते, फाइल सिस्टीम मात्र विस्कटते.

डिस्कच खराब ठरली, तर सर्वांत मोठे नुकसान बहुधा दुरुस्ती करणाराच करतो. मरणासन्न डिस्कवर ‘एफएसचेक’ किंवा ‘चेकडिस्क’ ही फाइल सिस्टीम दुरुस्त करणारी साधने चालवणे म्हणजे तिच्याकडून आणखी श्रम करून घेणे, शिवाय त्यात लेखनही होते. आधी ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी. हे साधन सोपे भाग पहिल्यांदा उचलते, अवघड जागी नंतर परतते. दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीची मांडणी पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी 1988 च्या निबंधात केली. एक डिस्क गेली तरी काम चालू राहावे, हा तिचा हेतू. ती बॅकअप नव्हे : चुकून पुसलेली फाइल रेड तितक्याच तत्परतेने सर्व डिस्कवरून पुसते. पावसाळ्याचे पुरुमेंत, म्हणजे बेगमीचे सामान, एकाच डब्यात कोणी भरत नाही, तसेच हे. रेड-5 या प्रकारात डिस्क बदलल्यावर तिच्यावरची माहिती पुन्हा घडवण्यासाठी उरलेल्या सगळ्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि वर्षानुवर्षे कोणी न वाचलेला खराब सेक्टर नेमका तेव्हाच उघड होतो. बदलताना क्रमांक 2 ऐवजी 3 ची चांगली डिस्क ओढून काढण्याचा अपघातही इथलाच. त्यामुळे प्रत्येक खणावर सीरियल नंबरची चिठ्ठी लावतात.

दडलेले सेक्टर वेळीच सापडावेत म्हणून डेबियनसारख्या लिनक्स प्रणालीत सॉफ्टवेअर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे आपोआप सुरू होते. शनिवारी संध्याकाळी मेन स्विच खाली करून घरी जाणाऱ्या कार्यालयांत ती राहूनच जाते.