धाक आणि न्यूनभाव यांत फरक काय?

कायद्याने मिळालेला हक्कही एखादा माणूस बजावत नाही, तेव्हा लोक चटकन म्हणतात, ‘याच्यातच न्यूनगंड आहे.’ पुष्कळदा तो न्यूनगंड नसून धाक असतो. दोन्हींत माणूस मागेच राहतो, म्हणून गल्लत होते.

महाडचं बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत हजारो माणसं तळ्यावर जाईपर्यंत अस्पृश्य तिथलं पाणी पीत नव्हते. त्या दिवशी ते प्यायले, आणि आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून त्यांच्यावर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. म्हणजे आधी जे गेले नव्हते, त्यांचा अंदाज बरोबरच होता. ज्यांच्या शेतावर राबायचं, त्यांच्याशीच वैर पत्करायचं का, हा त्यांचा रोकडा हिशेब होता. त्याला न्यूनगंड म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्यालाच दोष देणं.

न्यूनभाव मारणारा समोर नसतानाही काम करतो. उंबऱ्याबाहेर बसणं, शिळं मागून आणणं हेच आपलं, असं माणसाला स्वतःलाच वाटू लागतं. महाडलाच डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृतीच्या दहनानंतर दोन दिवसांनी, बाबासाहेब स्त्रियांशी यावरच बोलले: जातीची खूण ठरलेली लुगडं नेसण्याची पद्धत सोडा, ती कडी, त्या गळसऱ्या उतरवा. मला हे भाषण तळ्याइतकंच मोलाचं वाटतं. अर्थात लुगड्यावरही गावाची नजर असायची. तिथे दोन्हींमधली रेघ पुसट होते.

धाक मोडायला संख्याबळ, पोलीस, कोर्ट लागतं. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात १९३७ साली जिंकला गेला. न्यूनभाव निकालाने जात नाही. १९५६ मध्ये नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा हिशेब उलटा होता: धर्म बदलला तर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती जाणार होत्या; बौद्धांना त्या मिळाल्या थेट १९९० मध्ये. तरीही माणसांनी नवी ओळख निवडली.

आज भाड्याचं घर शोधताना आडनाव टाळणाऱ्या मुलाला ‘लाज वाटते का?’ असं विचारण्याआधी एवढं पाहावं, की मित्रांत, स्वतःच्या वस्तीत तो ते मोकळेपणाने सांगतो का. सांगत असेल, तर जाब घरमालकाला विचारायला हवा.