फुटाळ्याची वाफ आणि छातीतलं पाणी

डिसेंबरच्या पहाटे नागपूरच्या फुटाळा तलावावर पांढुरकी वाफ तरंगताना दिसते. पाणी हाताला गारच लागतं, पण वरच्या हवेपेक्षा काही अंशांनी ऊबदार असतं. त्यातून निघालेलं बाष्प थंड हवेला पेलवत नाही आणि त्याचे बारीक थेंब होतात. काठाने धावणाऱ्याच्या तोंडातूनही हेच बाहेर पडत असतं. तलावाला ते परवडतं, श्वासनलिकेला जड जातं.

थोडा हिशोब करू. 8 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जेमतेम 8 ग्रॅम बाष्प मावतं. पहाटेची आर्द्रता 80 टक्के धरली, तर त्यात प्रत्यक्षात साडेसहा ग्रॅम असतं. गवतावर दव आहे म्हणून हवा दमट, असं वाटतं खरं. पण हीच हवा फुप्फुसात पोचेपर्यंत 37 अंशांची आणि बाष्पाने भरलेली व्हावी लागते, आणि तेव्हा तिला घनमीटरमागे 44 ग्रॅम पाणी हवं असतं. मधले 37 ग्रॅम श्वासनलिकेचं अस्तर पुरवतं. मध्यम वेगाने धावताना मिनिटाला साधारण 60 लिटर हवा आत जाते, 40 मिनिटांत 2.4 घनमीटर. म्हणजे जवळजवळ 90 मिलिलिटर पाणी. श्वास सोडताना त्यातलं थोडं नाकात परत जमतं. तोंडाने सोडला तर तेही कमी.

आता उणे 10 अंशांच्या एखाद्या बर्फाळ गावाशी तुलना करा. तिथे ही तूट सुमारे 42 ग्रॅम असते. तापमानात 18 अंशांचा फरक, पाण्यात फक्त 5 ग्रॅमचा! तिथे आत येणारी हवा तापवायला उष्णता जास्त लागते हे खरं, पण घसा कोरडा पडण्याच्या बाबतीत नागपूरकर धावपटू बर्फात धावणाऱ्याच्या फार मागे नाही. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. तशा पहाटे तर अंतर आणखी कमी होतं.

उपाय साधा आहे. पहिली दहा मिनिटं बोलता येईल इतक्याच वेगाने, नाकाने श्वास घेत धावा. तोंडावर सुती रुमाल सैल बांधला, तर सोडलेल्या श्वासातली ओल त्यात अडकते आणि पुढच्या श्वासाला परत मिळते. धूर मात्र त्याने अडत नाही. त्याचे कण रुमालाच्या विणीतून आरामात जातात.

आणि धूर असतोच. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. जमिनीलगतची हवा गार, वरची तुलनेने गरम, असा उलटा थर तयार होतो. वर झाकण बसल्यासारखं होऊन शेकोट्या, जाळलेला कचरा, गाड्या या सगळ्यांचा धूर खालीच साचतो. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, पण जमीन तापून हा थर मोडायला त्यानंतर दोन-तीन तास जातात. पाचचा गजर लावणाऱ्यांना पटणार नाही, तरी हवेचा विचार केला तर नऊची धाव पाचच्या धावेपेक्षा बरी. तेव्हा वर्दळ वाढलेली असते, म्हणून रस्ता सोडून अंबाझरीच्या बागेत किंवा सेमिनरी हिल्सकडे वळावं.

कपड्यांत चूक होते ती जास्त घालण्याची. 60 किलोचा माणूस ताशी 10 किलोमीटरने धावला, तर तासाला 600 किलोकॅलरीच्या आसपास खर्च करतो आणि त्यातल्या तीन चतुर्थांशाची नुसती उष्णता होते. स्वेटर आणि कानटोपीत तिसऱ्या किलोमीटरलाच घाम निथळतो. दारातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पातळ, पूर्ण बाह्यांचा पॉलिएस्टरचा टीशर्ट आणि हातमोजे पुरतात. आत सुती बनियन नको. ते घाम धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. धावण्याने स्वतःचा वाराही तयार होतो, त्यामुळे 8 अंश त्वचेला 6 अंशांसारखे लागतात.

थांबल्यावरची पंधरा मिनिटं जपावीत. कोरड्या पडलेल्या श्वासनलिका आकसतात त्या बहुधा धावताना नाही, तर थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत. नेमकं त्याच वेळी आपण पोह्यांच्या गाडीवर असतो आणि खोकल्याचं खापर तर्रीवर फोडतो. ज्यांना असा खोकला दरवेळी येतो, त्यांनी धावेआधी अर्ध्या मिनिटाच्या पाच-सहा जलद धावा घ्याव्यात, मध्ये मिनिटभर चालावं. बऱ्याच जणांत यानंतर तास-दीड तास श्वासनलिका कमी आकसतात. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर डॉक्टरांकडून श्वासाची तपासणी करून घ्यावी. आणि गाडीवर जाण्याआधी कोरडा शर्ट घालावा, पोहे नंतर.