थरांचे कातरचित्र

रंगीत जाड कागदांतून निरनिराळे आकार कापून ते एकामागे एक, मध्ये थोडे अंतर ठेवून बसवले की चित्राला खरीखुरी खोली येते. अशा कामाला थरांचे कातरचित्र म्हणतात. कापणी कात्रीने किंवा सुरीनेही होते. या नोंदीत संगणकावरून चालणाऱ्या घरगुती कटिंग यंत्रावरील काम विचारात घेतले आहे. लेझरने केलेले काम वेगळे धरावे. लेझर कागदाची कड जाळतो आणि कापाच्या रुंदीइतका कागद नाहीसा करतो. पाते कागद फक्त दुभागते.

पूर्वपीठिका : कागद कातरण्याची कला चीनमधील असून शिनजियांगमधील तुर्फान येथे सापडलेले गोल नमुने सामान्यतः इ. स. सहाव्या शतकाच्या आसपासचे मानले जातात. चिनी कातरकामाचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २००९ मध्ये झाला. थर देण्याची कल्पना मात्र नेमकी कोठून आली, याबद्दल एकवाक्यता नाही. एक मत तिचा संबंध पोलंडमधील वोविच भागातील ‘विचिनांकी’शी जोडते. तेथे मेंढ्यांची लोकर कापण्याच्या कात्रीने चकचकीत रंगीत कागद कातरून मोठ्या आकारावर लहान, त्यावर आणखी लहान असे तुकडे चिकटवतात. ही बहुरंगी रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील समजली जाते. त्याच देशातील कुर्पिए भागात मात्र एकाच कागदाचे एकरंगी काम जास्त चालते. दुसरे मत जर्मनीतील आउग्सबुर्गचा चित्रप्रकाशक मार्टिन एंगेलब्रेख्ट (१६८४–१७५६) याच्या छापील चित्रपट्ट्यांकडे बोट दाखवते. मधला भाग कातरून काढलेल्या या पट्ट्या पेटीत ठरावीक अंतराने उभ्या करीत व समोरून पाहिले की रंगमंचासारखे दृश्य दिसे.

दोन्ही मतांत तथ्य आहे. पण रचना पाहता आजच्या कामाचे नाते एंगेलब्रेख्टच्या पेटीशी अधिक जवळचे वाटते. वोविचचे थर एकमेकांना सपाट चिकटलेले असतात आणि परिणाम रंगसंगतीचा असतो. येथे परिणाम थरांमधल्या पोकळीचा व तीत पडणाऱ्या सावलीचा आहे. मथुरा-वृंदावनच्या सांझी या रांगोळीसारख्या कलेचाही उल्लेख केला पाहिजे. तेथे कातरलेल्या खाक्यांतून रंग भुरभुरवतात आणि एका चित्रासाठी अनेक खाके पाळीपाळीने ठेवतात. चित्राची थरांत फोड करण्याची हीच विचारपद्धती, फक्त कागद शेवटी उचलला जातो.

यंत्र : रस्त्याकडेला गाड्यांवर नावे लावून देणाऱ्या ‘रेडियम’च्या दुकानात असतो तोच हा कटिंग प्लॉटर, घरगुती आकारात. त्याची मुळे १९७० च्या दशकातील पेन प्लॉटरमध्ये (पेनाने रेघा काढणाऱ्या संगणकी यंत्रात) आहेत. ह्यूलेट-पॅकार्डची एचपी-जीएल ही आज्ञाभाषा त्याच काळातली. पेनाच्या जागी पाते बसवून पाट्यांची अक्षरे कापणारी गर्बर कंपनीची यंत्रे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बाजारात आली. घरगुती यंत्रांचा प्रसार साधारण २००५ नंतरचा : अमेरिकेतील यूटा राज्यातील प्रोव्हो क्राफ्टचे (आताची क्रिकट कंपनी) तयार आकारांच्या काडतुसांवर (यंत्रात खोचायच्या डब्यांवर) चालणारे क्रिकट, जपानच्या ग्राफटेकच्या तंत्रावर आधारलेले सिल्हूट, पुढे २०१३ च्या सुमारास ब्रदरचे स्कॅनर असलेले यंत्र. काडतुसे मागे पडून स्वतः रेखाटलेली एसव्हीजी (रेषांच्या रूपात चित्र साठवणारी) फाइल कापता येऊ लागली, तेव्हा थरांच्या कामाला मोकळीक मिळाली.

कागदासाठी वापरले जाणारे पाते मोटरने वळवले जात नाही. त्याचे टोक दांड्याच्या अक्षापासून किंचित बाजूला असते. नेहमीच्या पात्यांत हे अंतर पाव मिलिमीटरच्या आसपास असते. यंत्र ओढील तिकडे पाते ट्रॉलीच्या चाकासारखे आपोआप वळते. कोपऱ्यावर टोक मागे राहू नये म्हणून यंत्र आतल्या आत एक छोटा कंस घेते. बहुतेक दोष या एका गोष्टीतून निघतात. बाजूचे अंतर चुकीचे नोंदले की टोकदार कोपरे गोलावतात किंवा त्यांना बारीक शिंग फुटते. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा लहान वर्तुळात पात्याला वळायला जागाच नसते. सुरुवात व शेवट जुळत नाहीत आणि आतली टिकली एका तंतूवर लोंबकळते. आज्ञावलीत ‘ओव्हरकट’ची सोय असल्यास कापाची रेघ आरंभबिंदूच्या किंचित पुढे नेतात, नसल्यास छिद्रच मोठे करणे उत्तम.

आराखडा : इंकस्केपसारख्या मोफत आज्ञावलीत काम होते. सर्वांत मागचा थर अखंड ठेवतात आणि पुढच्या प्रत्येक थरात अधिकाधिक भाग कापून काढतात. डोंगररांगांचे दृश्य असेल तर लांबची रांग फिकट व जवळची गडद घेतात. प्रत्येक थराला बाहेरची चौकट एकाच मापाची, किमान १२ मिमी रुंद द्यावी. तिच्यामागे ६ मिमी रुंदीची फोम टेप (थरांत अंतर ठेवणारी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी स्पंजाची पट्टी) लपली पाहिजे. कापून सुटे होणारे ‘बेट’ चौकटीला पुलाने जोडावे लागते. २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) कागदात हा पूल दीड मिमीपेक्षा अरुंद असेल तर कापताना कागद ज्यावर चिकटवतात त्या चिकट चटईवरून काढताना तुटतो. छायाचित्रावरून आपोआप काढलेल्या रेषेत अनावश्यक बिंदूंची गर्दी असते. पाते प्रत्येक बिंदूपाशी अडखळते आणि कड करवतीसारखी येते. बिंदू कमी करणे हा कंटाळवाणा टप्पा आहे, पण तो टाळू नये.

थरांची जाडी आधी मोजावी. कागद सुमारे पाव मिमी आणि टेप २ मिमी जाड धरली तर सात थरांचे कागद पावणेदोन मिमी व सहा फटी १२ मिमी, म्हणजे जवळपास १४ मिमी होतात. काचेपासूनचे अंतर धरून फ्रेमची आतली खोली २० मिमी तरी हवी. हे गणित राहिले की काम पुरे झाल्यावर फ्रेम बंद होत नाही.

कापणी : १८० ते २२० जीएसएमचा, आरपार रंगलेला कार्डस्टॉक (जाड कागद) घ्यावा. वरून रंग दिलेल्या कागदाची कापलेली कड पांढरी दिसते आणि थरांच्या कामात नजर नेमकी कडेवरच जाते. पात्याचे टोक कागदाच्या जाडीपेक्षा केसभरच जास्त बाहेर असावे. चटईवर पुसटशी रेघ उठली म्हणजे खोली बरोबर. प्रत्येक नव्या कागदावर आधी कोपऱ्यात चौकोन व त्याच्या आत त्रिकोण असा छोटा नमुना कापून पाहावा. त्रिकोण निघाला आणि चौकोन जागेवर राहिला, तर दाब व चिकटपणा दोन्ही ठीक आहेत. आतले आकार आधी व बाहेरची चौकट शेवटी कापावी, नाहीतर सुटा झालेला कागद सरकतो. बारीक जाळीसाठी वेग कमी करावा. दाब वाढवण्यापेक्षा कमी दाबाने दोनदा कापलेले बरे.

कापल्यानंतर चटईवरून कागद ओढू नये, कागदावरून चटई ओढावी. चटई टेबलावर पालथी घालायची, कागद तळहाताने सपाट दाबून धरायचा आणि चटईचा कोपरा वर मागे वाकवत न्यायचा. कागद टेबलाला चिकटून राहतो, चटई सोलली जाते. सरळ ओढलेला कागद गुंडाळी होतो आणि तो बाक पुढे प्रत्येक फटीत दिसतो. नवी चटई फार चिकट असते. तिच्यावर सुती कापड दोन-चारदा थापटून घेतात.

कडेला तंतू उठू लागले तर पाते बोथट आहे असे लगेच समजू नये. बऱ्याचदा पात्याच्या घरात कागदाचा भुसा अडकलेला असतो. पाते ॲल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात टोचण्याच्या प्रचलित उपायाने टोकाला चिकटलेले तंतू निघतात, धार येत नाही. दुसरे कारण दमट हवा. कोकण व गोव्यात पावसाळ्यात कागद पाणी धरून मऊ पडतो, पात्यापुढे फरफटतो, शिवाय तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. जूनमध्ये कापलेले थर डिसेंबरात कापलेल्या थरांशी काटेकोर जुळत नाहीत. म्हणून एका चित्राचे सर्व थर एकाच बैठकीत, कागदाची दिशा सारखी ठेवून कापावेत. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवतात.

जुळणी : सर्वांत पुढचा थर पालथा ठेवून मागे टेप लावत जाणे सोयीचे पडते. काटकोनात बसवलेल्या दोन पट्ट्यांना कोपरा टेकवला की चौकटी सरकत नाहीत. चौकटीपासून लांब गेलेल्या फांदीला मध्येच टेपचा लहान तुकडा द्यावा, नाहीतर ती पुढे झुकते. तुकडा कडेपासून दोन मिमी आत असावा. पाण्याचा अंश असलेला पांढरा गोंद कागदाला वाक आणतो, म्हणून तो ठिपक्यांपुरताच वापरतात. मागून एलईडी पट्टी लावायची असल्यास शेवटच्या थराऐवजी ट्रेसिंग पेपर घेतात. दिव्यांचे ठिपके वेगवेगळे दिसत असतील तर पट्टी व कागद यांतले अंतर वाढवतात.