झोप लागणारे आणि झोप न आवरणारे

लग्नघरात बँड वाजत असतो, पोरं धावत असतात, आणि सतरंजीच्या एका टोकाला एक काका खुशाल घोरत पडलेले असतात. घरच्यांना त्यांचं कौतुकच. 'नशीबवान माणूस, पाठ टेकली की झोप!' रात्री दोनपर्यंत पंख्याची पाती मोजणाऱ्यांना तर त्यांचा हेवा वाटतो. पण कुठंही पटकन झोपणारी माणसं दोन प्रकारची असतात आणि लांबून दोघंही सारखीच दिसतात. एकाला झोप हवी तेव्हा येते. दुसऱ्याला ती नको असतानाही येते, आणि तोंडावर पाणी मारलं तरी जात नाही. कौतुक करायचं ते पहिल्याचं. आपण मात्र सरसकट दोघांचंही करतो.

पहिला प्रकार बघायचा तर सकाळी बदलापूरहून सुटणारी लोकल बघावी. खिडकीची जागा मिळाली, बॅग मांडीवर घेतली, पट्टा मनगटाला गुंडाळला, की अंबरनाथ यायच्या आत मान छातीवर. डब्याच्या त्या टोकाला भजन चालू आहे, इकडे चौथ्या सीटवरून वाद पेटलाय, पण ह्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. आणि 'पुढील स्टेशन दादर' कानावर पडलं की डोळे उघडून, चष्मा सारखा करून, ते उठून उभे! यात चमत्कार नाही. अशी डुलकी बहुतेक वेळा हलक्या झोपेतच असते, आणि त्या झोपेत मेंदूचे कान उघडे असतात. झोपलेल्या माणसासमोर वेगवेगळी नावं उच्चारली तर त्याच्या स्वतःच्या नावाला मेंदू अधिक ठळक प्रतिसाद देतो, हे १९६० सालीच मेंदूच्या विद्युतलहरी मोजून दाखवलं गेलं होतं. रोजचं स्टेशन हे जवळपास आपलं नावच झालेलं असतं.

गाडीच्या हेलकाव्यांचाही हात असतो. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०११ मध्ये काही निरोगी पुरुषांना दुपारी एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा संथ झुलणाऱ्या पलंगावर झोपवलं. झुलणाऱ्या पलंगावर त्यांना लवकर झोप लागली. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या कुठल्याही आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, यात शोधलं काय?

तरी हेलकावे सगळ्या डब्याला सारखेच बसतात आणि झोपतात मोजकेच. मग फरक कुठं पडतो? थोडा स्वभावात, थोडा शरीरात. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान किंचित उतरतं आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. पाय गरम असले की डोळा लवकर लागतो तो यामुळे. ज्यांचं हे चक्र सुरळीत चालतं, ज्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यांचं काम सोपं होतं. माझ्या मते मोठा भाग मात्र निष्काळजीपणाचा, चांगल्या अर्थाने. झोप लागेल की नाही हा प्रश्नच ज्याला पडत नाही, त्याला ती लागते. निद्रानाशाचा माणूस अंथरुणात पडून स्वतःवरच पहारा देत असतो.

ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठातले हॅरिसन आणि हॉर्न यांनी १९९६ मध्ये नेमक्या अशाच लोकांविषयी लिहिलं होतं: डोळा लागायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या चाचणीत झटकन झोपणारे, पण पेंगुळलेपणाची दुसरी कोणतीही खूण न दाखवणारे. म्हणजे ही निव्वळ हातोटी असू शकते. असा माणूस झोपू शकतो, तसाच जागाही राहू शकतो. मीटिंग कितीही रटाळ असली तरी तो जांभया देईल, पण घोरणार नाही.

आता दुसरा प्रकार. याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे झोपेची थकबाकी. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. झोपलो की ते ओसरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याला हटवत नाही, फक्त त्याची बसायची जागा अडवतं, म्हणून चहाचा असर उतरला की पेंग पुन्हा हजर. याच्या जोडीला शरीराचं घड्याळ असतं. झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये ही ओढ आणि हे घड्याळ एकत्र मांडलं, आणि झोपेचा अभ्यास आजही बऱ्याच अंशी त्या मांडणीवर चालतो. दुपारी एक ते तीनच्या सुमारास घड्याळ थोडं सैल पडतं. वामकुक्षीची वेळ तीच. खापर नेहमी वरणभातावर फुटतं.

पहाटे साडेचारला उठून डबा भरणारी आणि रात्री अकराला भांडी आवरणारी बाई लोकलमध्ये मान टाकते, ती हातोटी नव्हे, वसुली आहे. खरं सांगायचं तर कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांतली कितीतरी झोप याच खात्यातली. वाईट हे की, 'आता सवय झाली' असं या माणसांना मनापासून वाटतं. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी लोकांना सलग चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. अखेरीस त्यांचं लक्ष आणि कामाचा वेग सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतका घसरला होता, पण स्वतःला मात्र त्यांना फारशी झोप आल्यासारखं वाटत नव्हतं. समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळसोट रस्त्यावर असा चालक असला तर काय होईल, ते सांगायला नको. तिथं दोन सेकंद डोळा लागणं पुरतं.

थकबाकी निदान फेडता येते. पण तासांचा हिशेब नीट असूनही जो दिवसभर पेंगतो, त्याचं काय? रात्री दहा ते सहा झोपलेला माणूस नाश्त्याच्या टेबलावर डुलत असेल, तर त्याची रात्र कान देऊन ऐकायला हवी. 'घोरतो म्हणजे गाढ झोपलाय' हा आपल्याकडचा पक्का समज. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा: घोरणं चढत जातं, मध्येच तुटतं, सगळं गप्प. पोट हलताना दिसतं, पण श्वासाचा आवाज नाही. मग एकदम गुदमरल्यासारखा हिसका, आणि घोरणं पुन्हा चालू. घशाचे सैल पडलेले स्नायू श्वासाची वाट बंद करतात. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त असं थांबणं मोजलं जातं, आणि तासाला पाच किंवा अधिक वेळा असा अडथळा येत असेल तर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. प्रत्येक हिसक्याला मेंदू अर्धवट जागा होतो. सकाळी आठवत काहीच नाही, अंग मात्र मोडून आलेलं. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचा उल्लेख केला होता, आणि हे नाव बऱ्याच घरांत त्या वेळी पहिल्यांदा ऐकलं गेलं. हा फक्त जाड माणसांचा आजार नाही. हनुवटी लहान किंवा मागे सरलेली असेल तर सडपातळ माणसालाही तो गाठतो. श्वासाची वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवणारं यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलं. ते लावून झोपणं सुरुवातीला नकोसं वाटतं, पण उपयोग होतो.

मग घरातल्या काकांना कुठल्या रांगेत बसवायचं? मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये आठ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली काढली. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत तासभर बसून जाताना, दुपारी आडवं पडल्यावर, कुणाशी बोलताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. चोवीसपैकी दहाच्या वर गेलात तर दखल घ्यायची. मी मात्र बेरजेपेक्षा गुण कुठं पडले ते आधी बघेन. दुपारी आडवं पडल्यावर तीन, यात काही विशेष नाही. समोरचा बोलत असताना दोन, हे गंभीर आहे. हसता हसता गुडघ्यातलं बळ जात असेल तर नार्कोलेप्सीची शंका घ्यावी. दिवसा अनावर झोप आणणारा तो वेगळा आणि दुर्मीळ विकार आहे.

प्रयोगशाळेत दिवसभरात दोन-दोन तासांनी चार-पाच वेळा झोपायला सांगतात आणि डोळा लागायला किती मिनिटं गेली ते मोजतात. सरासरी आठ मिनिटं किंवा कमी आली तर संशय बळावतो, पण निरोगी लोकांतही काहींची तेवढी येते, म्हणून नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. डॉक्टरांकडे जाताना शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्यावं, आणि घोरण्याचा रात्रीचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर ठेवावा. रुग्णाला स्वतःला यातलं काही माहीत नसतं. चालू असलेल्या गोळ्याही सांगाव्यात, सर्दी-खाजेच्या तर आवर्जून. कधी कधी सगळी पेंग त्या एका गोळीचीच निघते.